बाई नसलेली गाणी

अप्पांनी स्टिरिओ घरात आणला तेव्हा मी चौथीत का पाचवीत होते. टॉवेल-चादरीचं दुकान त्या साली बरं चाललं होतं. अप्पा माल घेऊन मुंबईला गेले आणि परत येताना रिकाम्या टेम्पोतून खोकी घेऊन आले. एकात अँप्लिफायर, एकात दोन कॅसेटचा डेक आणि उरलेल्या खोक्यांत माझ्या कमरेएवढे स्पीकर. आमच्या सोलापुरातल्या गल्लीत तोवर लोकांकडे रेडिओ होते, फार तर एखाद्याकडे टेपरेकॉर्डर. त्यामुळे आमच्या दारात चपलांचा ढीग पडला. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, सगळ्यांना चहा करून घातला आणि मग म्हणाली, "आता हे ठेवायचं कुठं? माझं धान्याचं पिंप हलवायचं न्हाय, आधीच सांगते."

पिंप हललं. स्टिरिओ पुढच्या खोलीत सिमेंटच्या कट्ट्यावर बसला. त्याच्या सुया आवाजाबरोबर नाचायच्या आणि हिरवा दिवा लागायचा. आमच्या मागच्या गल्लीत दिवसभर यंत्रमाग खटाखट चालायचे. त्या खटखटीची आम्हाला इतकी सवय की लाइट गेली आणि माग थांबले तर झोपलेलं माणूस दचकून उठायचं. अप्पा त्या मागांवर मात करायची म्हणून स्टिरिओ मोठ्यानं लावायचे.

स्टिरिओ म्हणजे नेमकं काय हे त्यांनीच मला शिकवलं. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये पाट मांडायचा, त्यावर मला बसवायचं आणि डोळे मिटायला सांगायचं. "डावीकडं तबला हाय बघ. उजवीकडं सतार. आणि बाई कुठं हाय?" गाणाऱ्या बाईला आमच्याकडे नुसतं बाई म्हणत. "बाई समोर हाय. मधोमध. त्या कॅलेंडरपाशी." खरंच, डोळे मिटले की कॅलेंडरपाशी बाई उभी असायची. डोळे उघडले की कॅलेंडर. हा खेळ मी कितीतरी दिवस खेळले असेन. अप्पांचा तो आनंद बघायला फार बरं वाटायचं. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलून बोलून दमलेला हा माणूस त्या खोलीत आला की वेगळाच व्हायचा. रविवारी सकाळी बनियनवर बसून डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे. अजून मला इंजेक्शनच्या आधी तो वास आला की दवाखाना आठवत नाही, रविवार आठवतो.

पण या देवळात एक नियम होता. गाणं ऐकायचं असतं, म्हणायचं नसतं.

हा नियम माझ्यासाठी नव्हता, कारण माझा गळा म्हणजे फाटका कर्णा. तो अव्वासाठी होता. ती कट्ट्यापलीकडे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काहीतरी निवडत बसायची आणि गाणं लागलं की तिच्याही नकळत गुणगुणायला लागायची. अप्पा डोळे न उघडता एक बोट वर करायचे. बस, एवढंच. ओरडणं नाही, रागावणं नाही. एक बोट. अव्वा शब्द अर्धा तोडून गप्प व्हायची. पुढच्या कडव्याला पुन्हा गुणगुण, पुन्हा बोट. कधी फार झालं तर म्हणायचे, "अगं, बाईला गाऊ दे की. तू मधे आलीस की गाणं बिघडतं."

मला याचा राग यायचा. माझ्या नाकाच्या शेंड्यावरच राग, तो लहानपणापासूनच तिथं वस्तीला आहे. कॉलेजात गेल्यावर मी एकदा अप्पांशी यावरून कडाक्याचं भांडले. त्यावर अव्वाच मला ओरडली. "तुला काय करायचंय? दिवसभर दुकानात घसा फोडून येतेत ते. ऐकू दे की निवांत." मग मी दोघांशीही दोन दिवस बोलले नाही, आणि दोघांनाही त्याचा काही फरक पडला नाही.

राग यायचं कारण होतं. अव्वाचा आवाज काय आहे हे मला ठाऊक होतं. तिचं माहेर दुधनीचं. तिकडं आमची बोली अर्धी कानडी, अर्धी मराठी. सोलापूरहून एसटी निघाली की अक्कलकोटपर्यंत अव्वा मराठीत बोलायची, पुढं कानडीत जायची, आणि माहेरच्या अंगणात पाय ठेवला की गायला लागायची. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात हळदीच्या वेळी बायका कानडी गाणी म्हणत होत्या. सगळ्या एका सुरात, आपल्या रेटून म्हणतात तशा. मध्येच अव्वानं एक ओळ वर उचलली. एकेक करून बाकीच्या बायका थांबल्या. मांडवात खुर्च्या लावणारी माणसं थांबली. मी हळदीचं ताट हातात घेऊन उभी, आणि मला कळेना की ही बाई माझ्या ओळखीची आहे का. नवरीच्या सासरकडच्या एका म्हातारीनं अव्वाची दृष्ट काढली, नवरीची राहिली बाजूला. परत येताना एसटीत मी तिला म्हटलं, "अव्वा, घरी पण म्हण की अशी." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तिथं हाय की तुझ्या अप्पांची बाई."

हे सगळं जुनं झालं. मी नोकरीला लागले, लग्न झालं, तेही दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे मी रोज संध्याकाळी अप्पांकडे जाऊन भांडू शकते, ही सोय राहिली. दुकान अप्पांनी भाच्याला दिलं. डेकचे पट्टे सैल झाले, मग तो कॅसेट कुरतडायला लागला, मग एक दिवस गप्पच झाला. दुरुस्तीवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, काका, याचे पार्ट आता देवाकडेच. अँप्लिफायर आणि स्पीकर मात्र ठणठणीत. मी अप्पांना ब्लूटूथचा छोटा स्पीकर आणून दिला. त्यांनी तो तळहातावर ठेवून बघितला आणि विचारलं, "ह्या डबीत तबला कुठल्या बाजूला असतो?" डबी तशीच कपाटात गेली.

मग मागच्या उन्हाळ्यात अव्वाच्या गळ्याची गाठ निघाली. निघाली म्हणजे होती आधीपासूनच, आम्हालाच ती दिसत नव्हती. पदर, मंगळसूत्र आणि गळ्यातलं इष्टलिंग, यांच्या आड ती वाढत राहिली. गिळताना अडकायला लागलं तेव्हा तिनं सांगितलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं दिसत नाही, पण श्वासनळीवर दाब येतोय, काढावीच लागेल. मग त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. आवाजाची नस या गाठीच्या अगदी मागून जाते. आम्ही जपतोच. तरी कधीकधी आवाज घोगरा होतो, काही महिने राहतो, आणि क्वचित कायमचा.

"म्हणून विचारतो," ते अव्वाला म्हणाले, "आवाजाचं काही काम करता का तुम्ही? शाळेत शिकवणं, गाणं, असं काही?"

अव्वानं अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "न्हाय न्हाय. घरीच असते." आणि अव्वा म्हणाली, "मला कुठं गायचंय?"

डॉक्टर हसले, बरं झालं म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. रिक्षात अव्वा मध्ये बसली होती. सगळा रस्ता तिनं पदराचं टोक गळ्यावर धरून ठेवलं होतं. मला एवढा संताप आला होता की रिक्षावाल्याशीच भांडले, तोही बिचारा बरोबर रस्त्यानं चालला होता. माझ्या मनात एकच होतं. हा आवाज आता जाईल, आणि या घरात तो कुणी ऐकलेलाच नाही. घरात जिवंत गाणारी असताना माझ्या बापानं जन्मभर भिंतीवरच्या बाईला गाऊ दिलं. मी हे अव्वाला म्हटलं, तर ती म्हणाली, "आवाज गेला तर गेला. भाजीवाल्याशी घासाघीस करायला तू हायस की." असं बोलून तिनं विषय मिटवला. पण त्या रात्री अप्पा जेवले नाहीत, हे तिनंच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

अप्पांचं आता घरात काही धड होईना. ते नुसते अव्वाच्या मागं मागं फिरायचे. पाणी पी, बस, ते पिठाचं उचलू नको. अव्वा वैतागली. मला म्हणाली, "ह्या माणसाला कुठंतरी गुंतव. आप्रेशनच्या आधीच माझा जीव जाईल." म्हणून, आणि फक्त म्हणूनच, मी ते प्लेअरचं काढलं. माझ्या कपाटात एक जुना म्युझिक प्लेअर पडून होता. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, फोनवर गाणी यायच्या आधीचा. नोकरीला जाताना मी तो कानाला लावून जायचे. चार्ज केला तर सुरू झाला. मी त्यात अप्पांच्या आवडीची गाणी भरली आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायर आणली. वायरीच्या एका टोकाला प्लेअरमध्ये घालायची बारीक पिन, आणि दुसऱ्या टोकाला अँप्लिफायरच्या पाठीत घालायच्या दोन, एक लाल, एक पांढरी.

पण प्लेअर उघडा होता. आणि आमच्या घरात उघडी वस्तू चालत नाही.

टॉवेल-चादरवाल्याचं घर ते. टीव्हीवर टॉवेल, फ्रिजवर टॉवेल, मिक्सरला झालरीचा झगा, रिमोटला प्लास्टिक आणि त्यावर रबर. गॅसच्या टाकीलासुद्धा अव्वानं फ्रॉक शिवला होता. कुणी हसलं की म्हणायची, "धूळ काय तुमी येऊन पुसणार हाय का?" तिनं प्लेअर हातात घेतला, उलटा सुलटा केला, आणि दुपारचं जेवण झाल्यावर मशीनवर बसली. संध्याकाळी मी गेले तर प्लेअर झबलं घालून बसला होता. जांभळ्या खणाचा उरलेला तुकडा, आतून टॉवेलचं अस्तर, वर बटण, पिनेसाठी काजं केल्यासारखं गोल भोक. गळ्याची गाठ काढायची तारीख चार दिवसांवर आलेली आणि ही प्लेअरला अस्तर लावत होती. बोलले असते तर रडले असते.

जोडायला आम्ही दोघं बसलो, अप्पा आणि मी. अँप्लिफायर ओढून पुढं घेतला तर मागं पालीची अंडी, कोळ्याची जाळी आणि माझी शाळेतली एक रिबन. अप्पांनी फोनची बॅटरी धरली, ती सगळीकडं पडत होती, फक्त मला हवं तिथं नाही. लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात. मग झबल्याच्या भोकातून बारीक पिन प्लेअरमध्ये खोचली, बटण दाबलं, अप्पांनी गोल बटण हळूहळू फिरवलं.

हिरवा दिवा लागला. सुया हलल्या. आणि सतार वाजली. किती वर्षांनी त्या स्पीकरमधून काहीतरी बाहेर पडत होतं. अप्पांचा चेहरा फुलला. त्यांनी पटकन जाऊन पाट आणला आणि दोन स्पीकरच्या मधोमध मांडून त्यावर बसले, गुडघे दुखत असूनसुद्धा. सतार झाली, बासरी झाली, तबल्यानं ठेका धरला. आता बाई येणार. अप्पांनी डोळे मिटले.

बाई आलीच नाही. तबला चालला होता, व्हायोलिनं चालली होती, पण गाणं जिथून सुरू व्हायचं तिथं नुसती मोकळी जागा. कान देऊन ऐकलं तर फार लांब, पाण्याच्या टाकीत तोंड घालून कुणी बोलावं तसं काहीतरी घुमत होतं. शब्द एकही नाही. अप्पांनी डोळे उघडले. "बाई कुठं गेली?"

मी दुसरं गाणं लावलं. तेच. तिसरं, फार जुनं होतं, ते तर अख्खंच गप्प. सुया पडून राहिल्या. अप्पा म्हणाले, "तुझ्या मशीनमधी गाणीच अर्धी भरलीत." मी म्हटलं, "तुमचा अँप्लिफायरच म्हातारा झालाय." "त्याला म्हातारा म्हणू नको." "मग काय तरणा म्हणू?" असं आमचं जुंपलं. अप्पा उठून एकदा डाव्या स्पीकरला कान लावायचे, एकदा उजव्या. मी वायर काढायची, पुन्हा घालायची. पहिलं गाणं पुन्हा सुरुवातीपासून लागलं होतं, ते तसंच चालू ठेवून आम्ही भांडत होतो.

आणि मोकळी जागा आली तिथं अव्वानं गायला सुरुवात केली.

ती उंबऱ्यावर बसून चटणीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची टरफलं पाखडत होती. तिचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. ठेका आला, जागा रिकामी दिसली, आणि ती आत शिरली. पहिली ओळ अर्धी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे स्पीकरमधून येत नाही. अप्पांचं बोट सवयीनं वर गेलं. मी ते बघितलं. ते बोट वर गेलं आणि तिथंच राहिलं, कारण गप्प करायचं कुणासाठी? जिला गाऊ द्यायचं ती तर गायबच होती.

बोट हळूहळू खाली आलं. अव्वा गात राहिली. अंतरा आला, तिनं तो सहज उचलला, दुधनीच्या मांडवात उचलला होता तसा. आता वय झालेला आवाज, मधेच जरा कापणारा, गाठीमुळं असेल, एका जागी अडकून सुटणारा. पण काय आवाज होता. मला एकाच वेळी रडू पण आलं आणि राग पण आला, आणि कुणावर ते समजेना. अप्पा पाटावर बसले होते, तिच्याकडं पाठ करून. वळून बघितलं तर ती थांबेल हे त्या माणसालाही त्या क्षणी कळलं असावं. गाणं संपलं. अव्वानं सुपातली टरफलं फुंकली आणि वर बघितलं. "काय झालं? परत बिघडलं का?"

आता इथं माझ्या जागी शहाणं माणूस असतं तर गप्प बसलं असतं. पण माझ्यात ती बुद्धी कुठली. मला त्याच वेळी पिनेचं कोडं सुटलं. झबल्याच्या अस्तरामुळं पिन पुरती आत जातच नव्हती. टॉवेलच्या जाडीएवढी बाहेर राहत होती. नंतर ऑफिसातल्या एकानं मला समजावून सांगितलं की पिन अर्धी राहिली तर डाव्या-उजव्या बाजूला जे वेगवेगळं असतं तेवढंच ऐकू येतं आणि दोन्हींत सारखं असतं ते एकमेकाला खातं. बाई मधोमध असते, म्हणजे दोन्हींत सारखी, म्हणून नेमकी तीच जाते. फार जुन्या गाण्यात तर सगळंच दोन्हींत सारखं, म्हणून ते अख्खं गप्प. तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मी झबल्याचं बटण काढलं, प्लेअर बाहेर घेतला, पिन दाबली. टक् झालं. आणि बाई कॅलेंडरपाशी येऊन खणखणीत गायला लागली.

तोवर पुढचं गाणं लागलं होतं आणि अव्वा त्याच्या पहिल्याच ओळीत होती. शब्द अर्धा तोडून गप्प झाली. नेहमीसारखी. सूप उचललं आणि उठली.

"सापडलं, अप्पा," मी म्हटलं. "हे झबलं मधे येत होतं."

बाई सुंदर गात होती. तबला डावीकडं, सतार उजवीकडं, सगळं जिथल्या तिथं. अप्पा मान खाली घालून पाटावर बसले होते. मग म्हणाले, "झबलं घाल परत."

"अहो, पण झबलं घातलं की बाई जाते."

"कळतंय मला. घाल म्हणतो ना. बाई नको."

मी झबलं चढवलं, बटण लावलं, भोकातून पिन खोचली. बाई गेली. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अप्पा तिच्याकडं न बघता मला म्हणाले, "तिला म्हणावं, बस."

"ऐकलं मी," अव्वा म्हणाली. "मला भाकऱ्या टाकायच्यात."

"भाकऱ्या होतील की मागनं."

आमच्या घरात भाकरी मागनं होईल असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. अव्वानंही नसावं. मग सूप खाली ठेवून पुन्हा उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "पयल्यापासून लावा."

पुढचे दिवस रोज संध्याकाळी हेच. अव्वा उंबऱ्यावरून हळूहळू खोलीत आली, मग खुर्चीवर. अप्पा पाटावर, डोळे मिटून. एकदा त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, "तिथं बाई जरा थांबते बघ." अव्वा म्हणाली, "बाई थांबत असंल. मी न्हाय थांबत." अप्पा गालात हसले. शेजारची तेलुगू काकी कंपाउंडवरून विचारून गेली, रेडिओ नवीन घेतला का म्हणून. गाणी संपल्यावर अव्वा दुधनीची दोन कानडी गाणी म्हणायची, त्यांच्या साथीला काही नव्हतं. अप्पांनी मांडीवर ठेका धरायचा प्रयत्न केला आणि सतत चुकले. "साकु," अव्वा म्हणायची, म्हणजे पुरे. "तुमी नुसतं ऐका."

मी एकदा फोनवर हे सगळं रेकॉर्ड करायला गेले. अव्वानं माझ्या हातातला फोन उलटा करून ठेवला. "मी मेले न्हाय अजून," ती म्हणाली. मी निमूटपणे फोन पर्समध्ये टाकला. ते माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

दवाखान्यात तिला आत नेताना अप्पा डॉक्टरांच्या पुढं जाऊन उभे राहिले. टोपी हातात. जन्मभर गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंडाळणारा माणूस टोपी चोळत राहिला. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. ती गाते." डॉक्टर घाईत होते. त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, जपतो म्हणाले आणि आत गेले. अप्पा बाकावर येऊन बसले आणि हमसून रडले. मी त्यांना रडताना त्याआधी बघितलेलं नव्हतं. भांडायला काहीच सुचेना, म्हणून नुसता त्यांचा हात धरून बसले.

गाठ साधी निघाली. अव्वा घरी आली. पण आवाज आला नाही. आला तो नुसता वारा. कुजबूज करावी तसं बोलायची, आणि थोडं बोलली की खोकला यायचा. डॉक्टर म्हणाले, नस दुखावलीय, तुटलेली नाही, वाट बघू. गरम पाणी, व्यायाम, वाट बघणं. अव्वानं भाजीवाल्याला खुणेनं भाव विचारायला सुरुवात केली. तिचं काही अडत नव्हतं, असं ती दाखवायची. पण दुपारी घरी कुणी नाही असं समजून तिनं एकदा सूर लावून बघितला, आणि काहीच निघालं नाही, तेव्हा मी दारातच होते. ती माझ्याकडं पाठ करून भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी.

अप्पा मात्र रोज संध्याकाळी प्लेअर लावायचे. झबल्यासकट. सतार, बासरी, ठेका, आणि मग ती मोकळी जागा, अख्खं कडवंभर. घरभर ती पसरायची. अव्वा आत भाकऱ्या थापत असायची, बाहेर यायची नाही. मला ते ऐकवेना. जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटायचं. एक दिवस मी अप्पांना स्पष्ट म्हटलं, "बंद करा हे. नाहीतर बाईसकट लावा. तिला किती त्रास होत असेल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," अप्पा म्हणाले. "एसटीत आपण खिडकीतनं टॉवेल टाकतो की सीटवर. माणूस मागनं येतंय म्हणून. तेवढंच करतोय. जागा धरून ठेवलीय नुसती."

"आणि माणूस आलंच नाही तर?"

"तर टॉवेल राहील तिथंच," ते म्हणाले आणि डोळे मिटले. या माणसाशी मी जन्मभर भांडले, पण त्या दिवशी हरले.

पावसाळा गेला. दिवाळी गेली. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा जवळ आली, गल्लीत लोकांच्या गप्पांत तेवढाच विषय. अव्वाच्या कुजबुजीला जरा धार आली होती, म्हणजे आता हाक मारली तर पुढच्या खोलीपर्यंत पोचायची. त्या संध्याकाळी मी अप्पांच्या शेजारी बसून शेंगा फोडत होते. गाणं लागलं होतं. ठेका आला, मोकळी जागा आली, आणि गेली. आतून भाकरी थापायचा आवाज येत होता, थप थप थप. तो मध्येच थांबला. मला वाटलं, तवा तापला असेल.

"अहो," अव्वा आतून म्हणाली. घोगरं, तुटक, पण ऐकू आलं. "ते जरा बारीक करा. माझं मला ऐकू येत न्हाय."

अप्पा पाटावरून उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीला धरून. त्यांनी गोल बटण मागं फिरवलं. सतार इतकी बारीक झाली की मागच्या गल्लीतले माग तिच्यावर चढले. आतून काही आलं नाही. अप्पांचा हात बटणावरच होता.

"अजून," अव्वा म्हणाली.

अप्पांनी अजून बारीक केलं.